नोकरी करत सीए फायनल देताय? मग या चुका टाळा

आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) संपली, घरची गरज म्हणून नोकरी धरली आणि फायनलचा एक ग्रुप, म्हणजे तीन पेपरचा गट, अजून डोक्यावर, अशी कितीतरी मुलंमुली रोज डोंबिवली नाहीतर विरारहून लोकल पकडून बीकेसी, लोअर परळ, अंधेरीला येतात. मीपण त्यातलाच. माझ्या पाहण्यात बहुतेकांची गाडी अडते ती अटेम्प्ट, म्हणजे परीक्षा कोणत्या महिन्यात द्यायची ते, निवडतानाच.

२०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. फॉर्म भरताना आपण हातात किती महिने आहेत एवढंच मोजतो, ऑफिसच्या तारखा कुणी बघत नाही. टॅक्स ऑडिटच्या टीममध्ये असाल तर रिपोर्टची ड्यू डेट ३० सप्टेंबर, म्हणजे सप्टेंबरच्या अटेम्प्टसाठी ऑगस्टमध्ये रिव्हिजन हवी नेमकं तेव्हाच फायली अंगावर येणार, त्यात गणपती, घरी पाहुणे, आरत्या, आणि दाराशी आलेल्या माणसाला अभ्यास आहे म्हणून कसं सांगणार. कंपनीच्या अकाउंट्समध्ये असाल तर एप्रिल अख्खा इयर-एंड क्लोजिंग आणि ऑडिटरच्या प्रश्नांत जातो, मग मे जड जातो. माझ्या मते या दोघांनाही जानेवारी त्यातल्या त्यात बरा. ३१ डिसेंबरला जीएसटीचं वार्षिक रिटर्न असतं खरं, पण ते मनावर घेतलं तर नोव्हेंबरात उरकता येतं.

महिन्याचंही तेच. ७ ला टीडीएसचा (कापलेल्या कराचा) भरणा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची महिन्याची रिटर्न. या तारखांच्या आधीचे दोन दिवस टाइमटेबलमध्ये रिकामेच सोडा. मी आधी तिथेही रोजचे तीन तास लिहून ठेवायचो, ते व्हायचे नाहीत, मग रविवार सगळा बॅकलॉग भरण्यात जायचा आणि नवीन चॅप्टर तसाच पडून राहायचा. २१ पासून महिनाअखेरपर्यंतचे दिवस मोकळे मिळतात, जड चॅप्टर तिकडे ढकला.

दुसरी चूक, "प्रत्येक पेपरला ४० आले की झालं". नाही होत. तीन पेपरचे ४०-४०-४० म्हणजे १२०, आणि ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात. म्हणून जो पेपर ऑफिसच्या कामाशी जुळतो त्यात ६० च्या वर जायचं बघा, म्हणजे बाकीच्यांना आधार मिळतो, आणि ग्रुप राहिला तरी त्या पेपरची एक्झम्प्शन, म्हणजे तो पुन्हा न देण्याची सूट, पुढचे तीन अटेम्प्ट चालते. दोन्ही ग्रुप एकदम द्यायचा मोह मात्र नोकरीवाल्यांनी टाळावा असं मला मनापासून वाटतं.

ट्रेनमध्ये लेक्चर डबल स्पीडला ऐकून अभ्यास झाला असं धरू नका. गर्दीत उभ्याने ऑडिटचे मुद्दे नाहीतर एमसीक्यू होतात, एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) होत नाही, त्याला वही, पेन आणि टेबलच लागतं. घरी जागा नसेल तर जवळची अभ्यासिका गाठा, पण ऑफिसातून थेट, कारण एकदा घरी जाऊन जेवलं की पाय निघत नाही.

सीनियरच्या नोट्स जशाच्या तशा वापरू नका, निदान टॅक्सच्या तरी. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय, आणि तुमच्या अटेम्प्टला कोणता कायदा, कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या धरायच्या हे आयसीएआयच्या (सीएची परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) साइटवर येतं. ते आधी बघा, मग पुस्तक घ्या. आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर) आणि मॉक टेस्टचे पेपर तिथेच फुकट मिळतात, ते घड्याळ लावून पूर्ण वेळ लिहून सोडवा, नुसते वाचू नका.

सुट्टीचं सगळ्यात जास्त बिघडतं. दोन पेपरच्या मध्ये साधारण दीड दिवस मिळतो, त्यात अख्खं पुस्तक पुन्हा नजरेखालून जायला हवं, आणि ती सवय आधीच्या तीन आठवड्यांत लागते, म्हणून तेव्हाची सुट्टी हातात हवीच. माझ्या एका जुन्या ऑफिसात सुट्टी तोंडी मंजूर झाली होती, परीक्षेच्या आठवड्यात ती रद्द झाली आणि माझा एक पेपर त्यातच गेला. तेव्हापासून फॉर्म भरला की त्याच दिवशी मॅनेजरला मेल करतो, पेपरच्या तारखा, हव्या असलेल्या पीएल (हक्काच्या पगारी रजा) आणि त्या दिवसांत माझं काम कोण बघणार त्याचं नाव, सगळं त्यात लिहून, आणि उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून ठेवतो.