बर्फातल्या ट्रेकला पायात काय घालायचं? स्पाइक्स, क्रॅम्पॉन, स्नोशू घेताना या चुका टाळा

उत्तराखंडातल्या केदारकांठा शिखराच्या हिवाळी ट्रेकला स्पाइक्स, म्हणजे बुटावर चढवायचे स्टीलचे दात, लागतात का, हा प्रश्न नोव्हेंबर उजाडला की आपल्याकडच्या प्रत्येक ट्रेक ग्रुपवर येतो आणि उत्तरं पण धडाधड येतात, कोणी म्हणतं काही गरज नाही, आम्ही साध्या बुटांवर जाऊन आलो, कोणी म्हणतं क्रॅम्पॉन असल्याशिवाय जाऊच नका. दोघंही खरंच सांगत असतात, फक्त दोघं वेगवेगळ्या बर्फावर चालून आलेले असतात. एकाला आदल्या रात्री पडलेला भुसभुशीत बर्फ मिळाला, दुसऱ्याला बरेच दिवस काहीच न पडल्यामुळे शेकडो लोकांनी तुडवून तुडवून टणक झालेली वाट मिळाली. शिखराचं नाव बघून गिअर ठरवणं ही पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात.

बघायचं काय तर तीन गोष्टी. बर्फ कडक आहे की मऊ, उतार किती आहे, आणि तुम्ही तिथे किती वाजता असणार. वेळेचा मुद्दा आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही कारण सह्याद्रीत कातळ सकाळी आणि दुपारी सारखाच असतो. केदारकांठ्याचा माथा साधारण १२,५०० फुटांवर, समिट डेला, म्हणजे माथा गाठायच्या दिवशी, पहाटे तीन-चारला निघायचं, तेव्हा रात्रभराच्या थंडीने बर्फ गोठून टणक झालेला असतो. दहा-अकराला ऊन लागलं की तोच बर्फ वरून मऊ पडतो, दुपारपर्यंत खिचडी होते, आणि सूर्य डोंगराआड गेला की परत गोठतो. म्हणजे एकाच वाटेवर एकाच दिवसात तीन प्रकारचा बर्फ. त्यात उत्तरेकडच्या उतारांवर आणि झाडांच्या सावलीत ऊन पोचतच नाही, तिथे दुपारी सुद्धा बर्फ कडकच असतो. आणि बरेच लोक माथ्यावर नाही बरं का, कॅम्पसाइटवर पाण्याकडे जाताना आणि गावाजवळच्या शेवटच्या तुडवलेल्या वाटेवर पडतात, कारण तोपर्यंत स्पाइक्स सॅकमध्ये गेलेल्या असतात.

आता कशासाठी काय ते पटकन सांगतो. तुडवलेली कडक वाट, मध्यम उतार, त्याला मायक्रोस्पाइक्स, म्हणजे रबराचा पट्टा, खाली साखळ्या आणि साधारण एक सेंटिमीटरचे स्टीलचे दात, जोडीचं वजन ३५० ते ४५० ग्रॅम. तीव्र उतार, हिमनदी, निळसर कडक बर्फ असेल तर क्रॅम्पॉन, दहा किंवा बारा लांब दातांची स्टीलची फ्रेम, आणि तिथे आइस अ‍ॅक्स, म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड, पण लागते. गुडघाभर किंवा त्याहून खोल, कोणी न तुडवलेला मऊ बर्फ असेल तर स्नोशू, म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चपटी फ्रेम. स्नोशू घसरू न देण्यासाठी नसतात, बुडू न देण्यासाठी असतात. त्यांना खाली दात असतात पण त्यांच्या भरवशावर गोठलेल्या उतारावर जायचं नाही. आडव्या तिरक्या उतारावर तर स्नोशू सरळ गैरसोयीचे, पाय एका बाजूला कलतो आणि घोट्यावर ताण येतो.

आपल्याकडे एक घोळ कायम होतो, सांक्रीला किंवा इतर बेस व्हिलेजला भाड्याने देणारे बहुतेक जण मायक्रोस्पाइक्सनाच क्रॅम्पॉन म्हणतात. त्यामुळे फोनवर "क्रॅम्पॉन आहेत ना?" एवढंच विचारू नका, फोटो मागवा. दात किती लांब आहेत, खाली साखळी आहे की फ्रेम, हे डोळ्यांनी बघा आणि मग हो म्हणा. उलटी चूक जास्त धोक्याची, कोणीतरी खरे बारा दातांचे क्रॅम्पॉन आणून मऊ ट्रेकिंग शूजवर बांधतं. आपले नेहमीचे ट्रेकिंग शूज चवड्यापाशी वाकतात, क्रॅम्पॉनची फ्रेम तेवढी वाकत नाही, मग पट्टे ढिले पडतात, क्रॅम्पॉन निखळतो, आणि हे नेमकं उतारावर होतं. पुढे आलेले दोन दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं कापडी आवरण) किंवा पोटरीत घुसतात ते वेगळंच. क्रॅम्पॉनला कडक तळव्याचे बूट लागतात आणि ते वापरायचं शिक्षण लागतं, उत्तरकाशीच्या निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग) सारख्या संस्थेच्या बेसिक कोर्समध्ये ते नीट शिकवतात. केदारकांठा, ब्रह्मताल, दयारा बुग्याल, कुवारी पास, या नेहमीच्या हिवाळी वाटांवर बऱ्यापैकी परिस्थितीत चांगल्या मायक्रोस्पाइक्स आणि गेटर पुरतात. आणि मायक्रोस्पाइक्सने भागणार नाही इतकी वाट कडक आणि खडी असेल तर तिथून परत फिरायचं असतं, तिथे गिअरची चर्चा करायची नसते.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त स्पाइक्सबद्दल मनापासून सांगतो, घेऊ नका. अठरा दात, चोवीस दात असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि दातांच्या आकड्यावर लोक भुलतात. दात किती यापेक्षा ते कशाचे आहेत आणि रबर कसलं आहे हे महत्त्वाचं. स्वस्त रबर मुंबईच्या तीस डिग्रीत छान ताणलं जातं, उणे दहाला तेच कडक होतं आणि भोकापाशी फाटतं. साखळीची कडी नुसती वाकवून बंद केलेली आहे की वेल्ड केलेली आहे ते बघा, नुसती वाकवलेली कडी उघडते आणि अख्खी साखळी लोंबायला लागते. स्प्रिंगसारख्या तारेचे जे येतात ते सपाट रस्त्यासाठी आहेत, डोंगराच्या उतारावर त्यांचा काही उपयोग नाही.

साइज हा दुसरा मोठा घोळ. स्पाइक्सची साइज बुटाच्या नंबरावरून लिहिलेली असते पण ट्रेकिंग शूज बाहेरून जाडजूड असतात, त्याच नंबरच्या रनिंग शूजपेक्षा बरेच मोठे. म्हणून जो बूट ट्रेकला नेणार तोच बूट घेऊन दुकानात जा आणि त्याच्यावर चढवून बघा. पट्टा बुटाला सगळीकडून घट्ट बसला पाहिजे, मागची उंच जीभ टाचेवर आली पाहिजे, पाय झटकला तरी काही सरकता कामा नये. पण इतकी लहान पण नको की बुटाचा पुढचा भाग दाबला जाईल, कारण त्याने बोटांचं रक्त अडतं आणि बोटं गार पडतात. दोन जाड मोजे घालून बूट ठासून भरला की पण हेच होतं. बोटं बधीर वाटली तर आधी मोजा कमी करा, लेस सैल करा, स्पाइक्स नंतर बघा.

आता सह्याद्रीच्या सवयींबद्दल, कारण आपण मुंबईकर बर्फात जातो ते कळसूबाई, हरिश्चंद्रगड करून, आणि पायांना ज्या सवयी लागलेल्या असतात त्या इथे उलट्या पडतात. कातळावर आपण बुटाच्या कडेवर, चवड्यावर जोर देऊन चढतो, रबर कातळाला धरतं. स्पाइक्समध्ये पूर्ण तळवा सपाट ठेवायचा, सगळे दात एकदम रुतले पाहिजेत, कडेवर पाय ठेवला की निम्मे दात हवेत. पाय जरा फाकवून चालायचं, नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात, गेटर नसतील तर पँट फाटतेच.

आणि दुसरी सवय, ही फार गंभीर आहे. घसाऱ्यावर आपण बिनधास्त बसून घसरत उतरतो. बर्फात सगळे तसंच करतात, मजा असते, व्हिडिओ निघतात. पण पायात स्पाइक्स ठेवून बसून घसरायचं नाही म्हणजे नाही. वेगात खाली जाताना टाच जरा जरी टेकली की दात बर्फात रुततात, पाय जागेवर थांबतो आणि अख्खं शरीर सॅकसकट पुढे जात राहतं, मग घोटा नाहीतर गुडघा जातो. केदारकांठ्याच्या उतारावर एका मुलाचं असंच झालेलं मी पाहिलंय, सगळं दोन सेकंदांत, आधी हसतोय आणि पुढच्या क्षणी पाय धरून ओरडतोय, बुटाची टाच भलतीकडे वळलेली. मग गाइडने बांधून दिलं, दोघांनी खांद्यावर हात घेऊन कॅम्पपर्यंत आणलं, पुढे खेचरावरून सांक्री. घसरायचंच असेल तर गाइडला विचारा, खाली दगड, झाड, कडा नाही ना बघा, आणि आधी दोन्ही पायांतल्या स्पाइक्स काढा.

स्पाइक्स घालायची वेळ पण चुकते. लोक पहिली घसरगुंडी लागली की मग सॅक उघडतात, म्हणजे कडक बर्फावर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायात रबर ताणायचं, अंधारात, ग्लोव्ह्ज काढून. घालायची जागा म्हणजे बर्फ सुरू व्हायच्या आधीची सपाट जागा. समिट डेला तर टेंटमधून बाहेर आलं की लगेच घाला. घरी ग्लोव्ह्ज घालून, लाइट बंद करून, हेडटॉर्चवर घालायची प्रॅक्टिस करा, पायाखाली जुनं गोणपाट नाहीतर लाकडी फळी घ्या नाहीतर टाइल्सवर ओरखडे येतील. आणि सोसायटीच्या बागेत मातीवर थोडं चाला, फाकवून चालायचं म्हणजे काय ते पायाला कळतं. वाटेत मोठा दगडांचा पट्टा आला तर काढा, दात बोथट होतात आणि दगडावर उलट जास्त घसरतं.

स्नोशूबद्दल थोडं. नेहमीच्या उत्तराखंडच्या वाटांसाठी विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, एवढे ग्रुप आणि खेचरं जातात की वाट तुडवलेलीच असते, दोन किलोची जोडी पाठीवर बांधूनच फिराल. गुलमर्गला किंवा ताज्या खोल बर्फात न मळलेल्या वाटेने जाणार असाल तर मात्र फरक जाणवतो, मांडीपर्यंत बुडत चालणं म्हणजे अर्ध्या तासात दम संपतो. साइज निवडताना लोक फक्त स्वतःचं वजन धरतात. सत्तर किलोचा माणूस, बारा किलोची सॅक, कपडे-बूट-पाणी धरून सहज ८५ च्या पुढे जातो, कंपनीच्या तक्त्यात हा आकडा बघायचा. २२, २५, ३० इंच या नेहमीच्या साइज, बर्फ जितका कोरडा आणि हलका तितकी मोठी साइज लागते, मार्चमधल्या ओल्या जड बर्फाला लहान चालते. टाचेखाली उभी करायची दांडी असेल तर चढावर पोटऱ्या वाचतात. ट्रेकिंग पोल्सना, म्हणजे हातातल्या काठ्यांना, बर्फासाठीच्या रुंद चकत्या लावा, नाहीतर पोल कोपरापर्यंत आत जातो. आणि स्नोशूत मागे चालायचं नाही, शेपटी रुतते आणि माणूस पाठीवर पडतो, वळायचं तर गोल फिरून.

एक गोष्ट आवर्जून, स्नोशू तुम्हाला अशा उतारांवर नेतात जिथे आधी कोणी गेलेलं नाही, आणि हिमस्खलन जास्त करून ३० ते ४५ डिग्रीच्या उतारांवर होतं. ताजा मोठा बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस असल्या उतारांच्या खाली सुद्धा थांबू नका. डीआरडीओची चंदीगडची संस्था हिमस्खलनाचे इशारे काढते, ते बघा आणि स्थानिक गाइड नको म्हणाला तर वाद घालू नका.

वाटेत काही बिघडलं तर काय करायचं: दातांमध्ये बर्फाचे गोळे चिकटले की दात खाली पोचतच नाहीत, हे ओल्या बर्फात दुपारी होतं, दर काही पावलांनी पोलने बुटाच्या बाजूला ठोका. स्पाइक सारखी फिरत असेल तर साइज मोठी आहे, बुटावरून एक पट्टा किंवा दोरी आवळून बांधा. साखळी तुटली तर जाड झिप टाय लावून दिवस निघतो, चार-पाच सॅकमध्ये टाकून ठेवा.

मुंबईकरांसाठी खास अडचण म्हणजे आपली दमट हवा. बरेच ट्रेकिंग शूज मधल्या थरात पॉलियुरेथेनचे असतात आणि कपाटात चार-पाच वर्षं पडून राहिले की दमट हवेने तो थर आतून कुजतो, वरून बूट नवा दिसतो आणि बर्फात पहिल्या दिवशी सोल निघून येतो, मग स्पाइक्स कितीही भारी असल्या तरी कशावर चढवणार. ट्रेकच्या महिनाभर आधी अंगठ्याने सोलच्या कडा दाबून बघा, भुगा पडला किंवा भेगा दिसल्या तर नवे घ्या आणि त्यावर निदान दोन-तीन ट्रेक करा. स्पाइक्सचं पण तसंच, परत आल्यावर ओल्या पिशवीत राहिल्या तर गंजतात, धुवून, पुसून, पंख्याखाली वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, उन्हात नको, उन्हाने रबर चिरतं. विमानाने डेहराडूनला जाणार असाल तर स्पाइक्स आणि पोल्स चेक-इन बॅगेत टाका, दातांना जाड पिशवी किंवा जुनी जीन्स गुंडाळून, नाहीतर डाउन जॅकेटला भोकं पडून पिसं बाहेर येतील.