हलत्या जाहिरातींनी गिऱ्हाईक वैतागतं: वेबसाइट करताना या चुका टाळा

सोलापुरात चादर-टॉवेलच्या पेढ्यांपासून शेंगाचटणी विकणाऱ्या घरगुती उद्योगांपर्यंत अनेकांनी वेबसाइट केल्या आहेत. गड्ड्याची जत्रा जवळ आली की त्यावर काहीतरी लुकलुकतं हवं, असा मालकांचा आग्रह सुरू होतो. लक्ष गेलं पाहिजे, म्हणतात. लक्ष जातंच, पण मालावरून उडून जातं.

अक्षरं वाचायचं काम दृष्टिपटलाचा मधला भाग करतो. कडेच्या भागाला बारकावे दिसत नाहीत, हालचाल मात्र लगेच कळते, आणि नजर तिकडे वळते. ते थांबवणं माणसाच्या हातात नसतं. चादर ६० बाय ९० इंचांची आहे की मोठी, रंग पक्का आहे का, एवढंच बघायला गिऱ्हाईक आलेलं असतं. मापाच्या ओळीला खेटून लाल-पिवळी 'ऑफर' उघडझाप करत असेल, तर ती एक ओळ त्याला तीनदा वाचावी लागते. मग तो वैतागून पान बंद करतो. म्हणून किंमत, माप आणि फोन नंबर यांच्या आसपास काहीही हलू देऊ नका.

दुसरी चूक याहून महागात पडते. महत्त्वाची सूचनाच चमकत्या पट्टीत टाकतात. जाहिरातीसारखं दिसणारं सगळं वगळून वाचायची लोकांना सवय झाली आहे. १९९८ साली बेनवे आणि लेन या संशोधकांनी या सवयीला 'बॅनर ब्लाइंडनेस' असं नाव दिलं. जत्रेत दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं राहणार असेल, तर ते साध्या ठळक अक्षरांत, स्थिर लिहा.

हालचाल हवीच असेल तर ती एकदा होऊन थांबू द्या. वेब सुलभतेच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, नियमांप्रमाणे आपोआप सुरू होणारी हालचाल ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल, तर ती थांबवायची सोय द्यावी लागते. सेकंदाला ३ पेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये असाही नियम आहे, कारण अशा लखलखाटाने काही जणांना फिट येऊ शकते. एवढ्या एका कारणासाठी तरी डिझायनरला स्पष्ट नाही म्हणा.

वाचताना बोटाखालचा मजकूर अचानक खाली सरकतो, ही तक्रार तर नेहमीची. जाहिरात उशिरा येते आणि तिची जागा आधी राखलेली नसते, म्हणून ते होतं. डिझायनरला उंची ठरवून जागा सोडायला सांगा.

ज्यांनी मोबाइलमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग चालू ठेवली आहे, त्यांना स्थिर चित्र दाखवता येतं. त्यासाठी 'प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन' ही अट कोडमध्ये घालायला सांगा, काम थोडक्या ओळींचं आहे. आणि जाहिरात बंद करायची फुली बोटाला सहज लागेल एवढी मोठी ठेवा.