एफवायबीएस्सीला ॲडमिशन झालीये? मग पहिल्याच सेममध्ये या चुका टाळा

नीट-सीईटीचा धुरळा बसला, फेऱ्या संपल्या, कॉलेज सुरू झालं. दरवर्षी दिवाळीच्या आसपास ओळखीतली दोन-चार मुलं माझ्याकडे येतात, तोंड एवढंसं झालेलं, "ताई, काहीच डोक्यात शिरत नाहीये, एवढ्यात परीक्षा पण आली." पोरं हुशार असतात हो, फक्त सेमिस्टर किती पटकन संपतं हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आत्ताच लिहितेय.

हिशोब बघा. एनईपीच्या, म्हणजे नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये थिअरीच्या १ क्रेडिटला १५ तास, म्हणजे २ क्रेडिटच्या पेपरला सगळी मिळून ३० लेक्चर. ७५ टक्के अटेंडन्स ठेवायची तर ७ बुडली तरी निभावतं, आठवं बुडलं की तुम्ही ७३ टक्क्यांवर. उशिराच्या फेरीत ॲडमिशन झाली, मग रूम शोधण्यात आठवडा गेला, मग गणपतीला गावी गेलात ते विसर्जन करूनच परत आलात, झाली ती ७ लेक्चर. बारावीला क्लासवाले दोन-दोनदा रिव्हिजन घ्यायचे, इथे तसं कुणी घेत नाही, त्यामुळे बुडलेल्या लेक्चरची वही त्याच आठवड्यात मैत्रिणीकडून घेऊन स्वतः उतरवा, नुसते फोटो काढून ठेवलेत तर ते परीक्षेच्या आदल्या रात्रीच उघडले जातात.

आता सगळ्यात मोठी चूक, प्रॅक्टिकल. सिनियरचं जर्नल आणायचं, रीडिंग छापायची, सही घ्यायची, हे मीही पहिल्या सेमला केलंय आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ब्युरेट (खाली तोटी असलेली मापाची काचेची नळी) हातात आल्यावर हात थरथरत होता, कारण पूर्ण सेम ब्युरेट माझ्या पार्टनरनेच धरलेलं. साधं ऑक्झॅलिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन घ्या, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून नेमकं किती लागतं ते मोजायचं. रंग बदलून खूण देणारं फिनॉल्फ्थॅलिन टाकलेलं असतं, फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवायचा, आणि गुलाबी रंग येऊन जायला थोडा वेळ लागायला लागला की तिथून पुढे एकेक थेंबच सोडायचा. अगदी फिकट, जेमतेम दिसणारा गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. गडद राणी कलर आला म्हणजे एंड पॉइंट, म्हणजे थांबायची नेमकी जागा, केव्हाच मागे गेला, ते रीडिंग लिहू नका, परत करा. हे नुसतं बघून येत नाही, हाताला सवय लागावी लागते.

पोटॅशियम परमँगनेट असेल तर आणखी एक गोष्ट. रंग इतका गडद असतो की मेनिस्कसची, म्हणजे द्रवाच्या वाकलेल्या पृष्ठभागाची, खालची कड दिसतच नाही, म्हणून वरच्या कडेवर रीडिंग घेतात. ऑक्झॅलिक ॲसिड गरम करून टायट्रेशन सुरू केलं तरी पहिल्या थेंबाचा रंग जाता जात नाही आणि पुढचे भराभर जातात, कारण रिॲक्शनमध्ये तयार होणारे मँगनीजचे आयन स्वतःच कॅटॅलिस्टचं, म्हणजे रिॲक्शनचा वेग वाढवायचं, काम करतात. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हे विचारतात, आणि ज्याने डोळ्यांनी बघितलंय त्याला पाठ करावं लागत नाही. रीडिंग थेट वहीत, तिथल्या तिथे, पेननेच लिहा, चुकलं तर एक रेघ मारा. जर्नल दर आठवड्याला तपासून घ्या, सर्टिफाय न झालेलं जर्नल घेऊन बऱ्याच कॉलेजांत परीक्षेला बसूच देत नाहीत.

बारावीला मॅथ्स सोडलेल्यांनो, केमिस्ट्री घेतली म्हणजे गणित सुटलं असं समजू नका. फर्स्ट ऑर्डर रिॲक्शनचं समीकरण इंटिग्रेशन करूनच निघतं, पुढे थर्मोडायनॅमिक्समध्ये पार्शल डेरिव्हेटिव्ह येतात. लॉग, डेरिव्हेटिव्ह आणि सोपं इंटिग्रेशन, एवढं तरी पहिल्या महिन्यात कुणाकडून तरी शिकून घ्या.

नीट रिपीट करणाऱ्यांना कळकळीने सांगते, बीएस्सीला नाव घालून ठेवायचं आणि कॉलेजला फिरकायचंच नाही, यात दोन्हीकडून नुकसान होतं. नीट साधारण मे महिन्यात असते, दुसऱ्या सेमची परीक्षाही त्याच दिवसांत येते. रिपीट करायचंच असेल तर घरी बसून मोकळेपणाने बोला आणि पूर्ण वर्ष त्यालाच द्या. आणि बीएस्सी करायची ठरली तर ती उरलेल्यांची डिग्री नाहीये, आयआयटीत एमएस्सीला जायची जॅम परीक्षा यातूनच देतात, त्याचा पाया पहिल्या वर्षातच पडतो.

इंग्लिशमुळे शंका न विचारणं ही पण चूकच. मराठीत विचारा, लेक्चर संपल्यावर स्टाफरूममध्ये जाऊन विचारा, बहुतेक सर-मॅडम मराठीतच समजावतात. पेपर मात्र इंग्लिशमध्ये लिहायचा असतो, म्हणून रोज एक उत्तर स्वतःच्या वाक्यात लिहून त्यांनाच दाखवा, महिन्याभरात हात बसतो.

आणि स्कॉलरशिप. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा, फॉर्म भरला म्हणजे काम झालं असं नाही, तो कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे जावा लागतो, तेव्हा ऑफिसात जाऊन विचारत राहा. खातं आधारला लिंक आहे का बघा, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा. बोर्डात टॉप १ टक्क्यात असाल तर केंद्र सरकारची इन्स्पायर योजना बघाच, वर्षाला ८० हजारांची स्कॉलरशिप आहे, पण बेसिक सायन्सला ॲडमिशन हवी आणि फॉर्म पहिल्या वर्षातच भरावा लागतो.