३८१६५४७२९०: ही संख्या कागदावर कशी शोधायची

३,८१,६५,४७,२९० या संख्येत ० ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच येतात. डावीकडच्या पहिल्या दोन अंकांच्या संख्येला (३८) २ ने निःशेष भाग जातो, तीन अंकांच्या संख्येला (३८१) ३ ने, चार अंकांच्या (३८१६) ४ ने, आणि हे थेट १० पर्यंत चालतं. दहा अंकांच्या ३६,२८,८०० मांडण्या होतात. त्यांत ही अट पाळणारी हीच एकटी. शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या पुरतात.

दहा चौकटी आखा. दहावीत ०, पाचवीत ५. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या चौकटीत सम अंकच हवेत, म्हणजे २, ४, ६, ८ तिथे संपले. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, नवव्या चौकटीला १, ३, ७, ९ उरतात.

आता चौथी चौकट. तिच्या आधीचा अंक विषम आहे, त्यामुळे ४ च्या कसोटीला १२, १६, ३२, ३६ असेच शेवट उतरतात. म्हणजे तिथे २ किंवा ६. पहिल्या तीन आणि पहिल्या सहा अंकांची बेरीज ३ च्या पटीत हवी, म्हणून मधल्या तिघांचीही हवी. मधला ५ ठरलेला असल्याने मधला तुकडा २५८ किंवा ६५४.

आठव्या चौकटीपाशी बहुतेक जण चुकतात. ८ साठी शेवटचे तीन अंक पाहायचे असतात. इथे दोनच पुरतात, कारण शतकस्थानी (सहाव्या चौकटीत) सम अंक आहे आणि २०० ला ८ ने भाग जातो. ही सवलत इतरत्र वापरू नका: १६ ला ८ ने भाग जातो, ११६ ला नाही. सातवी-आठवी चौकट मिळून १६, ३२, ७२ किंवा ९६.

२५८ घेतलं तर आठवा अंक ६, दुसरा ४. पहिल्या तिघांची बेरीज ३ च्या पटीत बसवायला १ आणि ७ च लागतात, सातवा ९ होतो. ६५४ घेतलं तर आठवा २, दुसरा ८, सातवा ३ किंवा ७.

एवढ्यावर दहाच उमेदवार उरतात. ७ ला सोपी कसोटी नाही, म्हणून त्याचा भागाकार शेवटीच करा. आधी केलात तर शेकडो भागाकार पडतील.

१४७२५८९: बाकी ६
७४१२५८९: बाकी २
१८९६५४३: बाकी ५
९८१६५४३: बाकी २
७८९६५४३: बाकी ४
९८७६५४३: बाकी ५
१८३६५४७: बाकी ६
१८९६५४७: बाकी २
९८१६५४७: बाकी ६
३८१६५४७: बाकी ०, भागाकार ५४५२२१

नवव्या चौकटीत उरलेला ९. १ ते ९ ची बेरीज ४५, त्यामुळे ९ ची अट आपोआप पाळली जाते.

अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर हा खेळ २५ अंकांपर्यंत पोचतो आणि तिथे संपतो: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. ही संख्या स्प्रेडशीटमध्ये तपासायला जाऊ नका. तिथे १५ च सार्थ अंक टिकतात, शेवटचे दहा शून्य होतात आणि उत्तर चुकीचं येतं. त्याऐवजी बाकी पुढे नेत चला: आतापर्यंतची बाकी गुणिले १०, अधिक पुढचा अंक, त्याला पुन्हा त्याच भाजकाने भागून नवी बाकी. भाजक २४ असला तरी हातातली संख्या २३९ च्या वर जात नाही.