खारेपाटात क्षेत्र मोजताना : नव्या संशोधकांसाठी काही अनुभव

भूगोलात एम.ए. झाल्यावर शेतजमिनीच्या वापरावर संशोधन करायचे ठरवले, तेव्हा ‘क्षेत्र’ या शब्दाबद्दल मला काहीच शंका नव्हती. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेले असतात, नकाशावर सीमा असते आणि उपग्रह वरून सगळे दाखवतो, एवढ्या भांडवलावर मी अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनीत, उतरलो. क्षेत्र कोणत्या ऋतूतले, कोणत्या पातळीवरचे आणि कशासाठी मोजलेले, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही, हे समजायला मला दोन पावसाळे लागले. या विषयाकडे वळणाऱ्यांचा तेवढा काळ वाचावा, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली चूक ऋतूची होती. ढग नसलेली स्वच्छ प्रतिमा हवी म्हणून मी मार्च महिन्यातली प्रतिमा निवडली आणि राखाडी दिसणारा सगळा पट्टा ‘पडीक’ म्हणून रंगवला. तो नकाशा घेऊन गावात गेलो, तेव्हा बांधावर बसलेल्या एका वयस्क शेतकऱ्याने तो शांतपणे पाहिला आणि म्हणाला, “सर, पडीक नाय ही, भाताची हाय. पावसात या.” खाऱ्या जमिनीत पावसाचे पाणी मीठ धुऊन नेते, त्या जोरावर एकच पीक निघते आणि उन्हाळ्यात मीठ पुन्हा वर येते. त्यामुळे आठ महिने उघडी दिसणारी ही जमीन गावाचे मुख्य अन्न पिकवते. जुलैत लावणीच्या वेळी मात्र ढगांमुळे सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहाचा, त्याच्या प्रतिमेतला एकेक ठिपका १० मीटर इतका बारीक असूनही, फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी ढगांतूनही पाहणारे सेंटिनेल-१ उपग्रहाचे रडार कामी येते. पाण्याने भरलेले खाचर त्यात काळे दिसते आणि रोप वाढू लागले की उजळत जाते. जिताडा हा मासा पाळण्याची तळी मात्र काळीच राहतात. एवढ्या एका फरकावर भात आणि तळे वेगळे करता येते, म्हणून एका प्रतिमेवर न थांबता जून ते ऑक्टोबरची सलग मालिका घ्यावी.

मोजमापाच्या एककांबाबतही सावध राहावे. जुनी मोजणी ३३ फुटी साखळीने झाली आणि साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर मात्र नेमका १०० चौरस मीटरचा असतो. गुंठा आणि आर एकच धरले, तर शंभर गुंठ्यांमागे सुमारे ११७ चौरस मीटर हरवतात. सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस वारसांची नावे असलेल्या कोकणात हा फरक क्षुल्लक नाही.

उताराचा प्रश्न मला पुढे दापोलीकडच्या काजूच्या बागांत भेटला. अभिलेखातील क्षेत्र हे सपाट प्रतलावर उतरवलेले, म्हणजे आडवे क्षेत्र असते. तीस अंशांच्या एकसारख्या उतारावर एक हेक्टर आडव्या क्षेत्राचा प्रत्यक्ष पृष्ठभाग सुमारे ११५ आर भरतो. मालकीसाठी आणि कलमांच्या अंतरासाठी आडवे माप योग्य असले, तरी मातीची धूप किंवा गवताचे आच्छादन अभ्यासताना पृष्ठभागाचे क्षेत्रच घ्यावे लागते. आपण कोणते घेतले, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे पातळी. खारेपाटातील शेतांचा तळ अनेक ठिकाणी उधाणाच्या भरतीपेक्षा खाली असतो. समुद्राच्या बाजूचा बाहेरकाठा नावाचा बांध आणि पावसाचे पाणी बाहेर सोडणारी ‘उघडी’, म्हणजे बांधातले झडपेचे दार, या दोहोंवर ती शेते टिकून असतात, त्यामुळे अर्ध्या मीटरचा फरकही निर्णायक ठरतो. त्यातच उपग्रहाधारित उपकरण जी उंची दाखवते ती समुद्रपातळीपासूनची नसून पृथ्वीच्या आकारासाठी मानलेल्या गणिती लंबगोलापासूनची असते आणि कोकण किनाऱ्यावर समुद्रपातळीलाच ती साठ मीटरांहून अधिक उणी येते. पहिल्या दिवशी उपकरण बिघडले असे समजून मी ते परत पाठवण्याच्या तयारीत होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जवळच्या तलचिन्हापासून (उंची ठरवून दिलेल्या खुणेपासून) पातळी आणून दुरुस्ती केल्याखेरीज अशी उंची वापरू नये. प्रत्येक नोंदीपुढे तिथी आणि भरतीची वेळही लिहावी, कारण अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी भरतीच्या वेळी, कोरडी दिसलेली कड अमावास्येच्या उधाणात पाण्याखाली जाते.

बाहेरकाठ्याला खांड (भगदाड) पडून ती वेळेत बांधली गेली नाही, तर काय होते, हे मी एका गावात पाहिले. खारे पाणी आत आले, भात बंद झाले आणि काही वर्षांत तिथे तिवरांचे रान, म्हणजे कांदळवन, उभे राहिले. किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांत कांदळवन सर्वाधिक संरक्षित वर्गात येते आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर त्याच्या तोडीस मनाई केली. कांदळवन जपलेच पाहिजे, याविषयी माझ्या मनात दुमत नाही. तरीही सातबाऱ्यावर भातशेती असलेली जमीन नियोजनाच्या नकाशात हिरव्या ठिपक्याने दाखवून पुढे जाताना त्या कुटुंबाची शेती नकाशावरून पुसली जाते, हे संशोधकाने विसरू नये. माझ्या प्रमाणित वर्गीकरणात या जमिनीसाठी जागाच नव्हती.

अभ्यासाच्या तयारीसाठी क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मोफत सॉफ्टवेअर शिकावे, डेहराडूनच्या भारतीय दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम करावेत आणि भूमी अभिलेख कार्यालयात टिपण, फाळणी (जुन्या मोजणीचे आणि पोटहिश्श्यांचे आराखडे) आणि गाव नकाशा वाचायला बसावे. यांतले शेवटचे काम विद्यार्थी टाळतात, पण माझ्या मते तेच सर्वांत आधी करावे. नोकरीच्या दृष्टीने भूकरमापकापासून खासगी सर्वेक्षणापर्यंत वाटा आहेत आणि त्या सर्वांत हे वाचन उपयोगी पडते.

अंतिम नकाशात मी ‘खांड गेलेली शेती’ असा स्वतंत्र वर्ग केला आणि प्रत्येक तुकड्यावर खांड पडल्याचे साल लिहिले. ती साले कोणत्याही दप्तरात नव्हती. ती गावातल्या बायांनी, घरातली लग्ने आणि जन्म आठवून, मला एकेक करून सांगितली.