बांधलेल्या जुन्या इंजिनाला थर्मोस्टॅट कोणता?

मे महिन्यात तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकला की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरचा वॉल्व, काढून फेकायचा, हा आपल्याकडचा ठरलेला इलाज. सिलिंडर बोअर करून (आतून कोरून) नव्याने बांधलेल्या इंजिनाला तो महागात पडतो. इंजिन किमान किती गरम राहील एवढंच थर्मोस्टॅट ठरवतो. त्या तापमानाच्या वर काटा कुठवर चढेल, ते रेडिएटर, पंखा आणि पाण्याच्या पंपावर अवलंबून असतं.

ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचं उदाहरण घ्या. हे मूळचं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज. या घराण्यातल्या इंजिनांना साधारण हवामानासाठी ८२ अंशांचा, उष्ण भागासाठी ७४ चा आणि थंड भागासाठी ८८ चा थर्मोस्टॅट येतो. आकडा बहुधा वॉल्ववरच कोरलेला असतो. त्या अंशाला वॉल्व उघडायला लागतो. पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश लागतात.

विदर्भात ७४ च घ्यावा असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब करून पाहा. बाहेर ४५ अंश असताना ८२ च्या पाण्यात आणि हवेत ३७ अंशांचा फरक असतो, ७४ च्या पाण्यात फक्त २९. फरक कमी, तेवढी रेडिएटर उष्णता कमी फेकतो. म्हणजे इंजिन ७४ वर धरून ठेवायला सव्वापटीहून जास्त दमाचा रेडिएटर हवा. तो नसेल तर ७४ चा वॉल्व नुसता उघडा पडून राहतो आणि काटा जिथे जायचा तिथेच जातो. म्हणून रेडिएटर साफ असेल तर ८२ घ्या. ७४ चालेल, पण त्याने उन्हाळ्यातली गरमी जाईल ही आशा नको. ८८ आपल्या कामाचा नाही. डिझेल जीपला कंपनीने दिलेल्या आकड्याखाली जाऊ नका. थंड डिझेल पांढरा धूर सोडतं.

थर्मोस्टॅटच नसेल तर डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापायला फार वेळ लागतो. चोक लांबतो, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं, नव्या रिंगा नीट बसत नाहीत आणि ऑइलमध्ये पाणी साचून मळी धरते.

माप बघताना फ्लँजचा, म्हणजे वॉल्वच्या बाहेरच्या कडेचा, व्यास आणि जाडी जुन्या वॉल्वशी जुळवा. फ्लँज खाचेत सपाट बसली पाहिजे. जुन्याला खाली नळीसारखी बाही किंवा चकती असेल, तर नव्यालाही ती हवीच. वॉल्व उघडल्यावर बायपासची (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी) वाट तीच बंद करते. ती नसेल तर काही गरम पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतं.

बसवण्याआधी घरीच तपासा, नवा असला तरी. वॉल्वच्या फटीत दोरा अडकवून तो पाण्याच्या पातेल्यात लटकवा. तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी हळूहळू तापवा. वॉल्व उघडला की दोऱ्यातून सुटून खाली पडतो. आकड्यात दोन-तीन अंशांचा फरक चालतो. उकळत्या पाण्यात तो साधारण ८ मिमी उघडला पाहिजे.

स्प्रिंग आणि मेणाची डबी (मेण तापून फुगलं की वॉल्व उघडतो) इंजिनाच्या बाजूला ठेवा, हवा जायच्या भोकातली हलती पिन सर्वांत वर. पिन किंवा भोक नसेल तर फ्लँजला ३ मिमीचं भोक पाडा. नाहीतर हवा अडकते, डबीला गरम पाणी लागत नाही आणि वॉल्व उशिरा उघडतो. थर्मोस्टॅटवरच्या ॲल्युमिनियमच्या एल्बोचे (वाकड्या झाकणाचे) नट आळीपाळीने, हलक्या हाताने आवळा. एल्बो वाकला की गॅस्केट कितीही बदला, गळती थांबत नाही.

पाण्याचं मात्र कडक पाळा. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये नकोच. क्षार वॉल्वच्या बैठकीवर बसतात आणि तो अर्धवट अडकतो. डिस्टिल्ड वॉटर ७० टक्के, कूलंट ३० टक्के. इथे पाणी गोठत नाही, त्यामुळे निम्मं कूलंट ओतण्याची गरज नाही.

थंड इंजिनात हीटरचा नळ उघडा ठेवून हळूहळू भरा आणि झाकण काढूनच सुरू करा. रेडिएटरचा वरचा होज एकदम गरम झाला की वॉल्व उघडला. पातळी खाली जाईल, तेवढं पाणी घालून झाकण लावा. पुढे गरम असताना झाकणाला हात लावू नका. ७ पीएसआय दाबाच्या झाकणाखाली पाणी ११० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, झाकण सैल केलं की मात्र उसळून अंगावर येतं.

काटा भराभर चढतोय आणि वरचा होज थंडच आहे, तर वॉल्व बंद अडकलाय. काटा वर येतच नाही, तर उघडा अडकलाय. उभ्या गाडीत चढतो आणि चालत्या गाडीत उतरतो, तर थर्मोस्टॅटला हात लावू नका. पंख्याचा पट्टा आणि रेडिएटरच्या जाळीत बसलेला कापसाचा कचरा आधी बघा.