उतारवयातील ई-सायकल : या चुका टाळा

उतारवयात सायकल चालवणाऱ्यांना ई-सायकलचा, म्हणजे पेडल मारताना बॅटरीवरची मोटार मदत करते अशा सायकलचा, उपयोग होतो की अपाय, या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही, कारण वयाबरोबर शरीरातून जे जे कमी होते ते सगळे मोटार भरून काढू शकत नाही. पायांतला जोर आणि हृदय-फुप्फुसांचा दम कमी होणे ही एक गोष्ट झाली. तोल, नजर, मान वळवण्याची मोकळीक आणि अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत जाणारा वेळ ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्या उणिवेवर मोटार हा नामी उपाय ठरतो. दुसऱ्या उणिवेवर ती काहीही करत नाही, उलट वजन आणि वेग वाढवून ती उघडी पाडते. ज्येष्ठ सायकलस्वारांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतात.

मोटार म्हणजे लबाडी, असे समजणे

अनेक मुरलेले सायकलस्वार ई-सायकलला कमीपणा मानतात आणि चढावर धाप लागू लागली की सायकल बदलण्याऐवजी सायकल चालवणेच सोडून देतात. वयाच्या तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला साधारण 10 टक्क्यांनी घटत जाते. नियमित व्यायामाने ही घसरण मंदावते, थांबत नाही. त्यामुळे खरी तुलना साध्या सायकलशी नव्हे, तर घरी बसण्याशी करायला हवी. इंग्लंडमध्ये 50 ते 83 वर्षे वयाच्या लोकांवर झालेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी झालेल्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी किमान अर्धा तास सायकल चालवली. साधी सायकल चालवणारे आणि ई-सायकल चालवणारे अशा दोन्ही गटांत काही बौद्धिक क्षमता सुधारल्याचे दिसले. त्याच वर्षी सात युरोपीय शहरांतील सायकलस्वारांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ई-सायकलवाल्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांच्या तोडीची निघाली, कारण ते अधिक लांबवर जात होते. लबाडीचा आरोप करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मदतीची पातळी कायम सर्वांत वर ठेवणे

मोटारीने किती जोर लावायचा हे हँडलवरच्या बटणाने पातळ्यांत ठरवता येते. याच्या अगदी उलट चूक म्हणजे सायकल घेतल्या दिवसापासून मोटार पूर्ण जोरावर ठेवणे. सराव नसलेल्या ज्येष्ठाचे पाय सलगपणे साधारण शंभर वॅटच्या आसपास शक्ती देतात आणि मोटार तिच्यात सहज अडीचशे वॅटची भर घालते. म्हणजे वरच्या पातळीवर पाय नुसते फिरत राहतात, व्यायाम जवळजवळ होतच नाही. मदतीची पातळी गिअरसारखी सतत बदलत राहावी. सपाट रस्त्यावर सर्वांत खालची, चढ किंवा समोरून वारा आला की वरची, आणि चढ संपला की पुन्हा खालची, अशी सवय लावावी. श्रम योग्य आहेत की नाहीत हे ओळखण्याची सोपी कसोटी अशी की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. नाडीचे ठोके मोजणाऱ्या घड्याळावर मात्र सगळ्यांनी विसंबू नये. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांचे ठोके श्रम करूनही फारसे वाढत नाहीत, त्यामुळे घड्याळ ‘अजून जोर लावा’ असे सुचवत राहते आणि माणूस प्रमाणाबाहेर दमतो.

मोटार आहे म्हणून गिअर बदलायचेच नाहीत, ही याच सवयीची पुढची पायरी. जड गिअरमध्येच थांबून तिथूनच निघाले की गुडघ्यांवर ताण येतो, आणि मोटार पेडलांपाशी असेल तर चेनही लवकर झिजते. मिनिटाला साठ ते ऐंशी फेरे पाय फिरतील असा गिअर ठेवावा आणि थांबण्याआधीच तो हलका करून घ्यावा.

जुन्या पद्धतीने टांग टाकणे

ज्येष्ठांच्या पडण्याच्या घटनांत चढताना आणि उतरताना पडणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय असते, म्हणून या चुकीकडे जरा बारकाईने पाहायला हवे. वर्षानुवर्षे सायकल चालवलेला माणूस डावा पाय पेडलवर ठेवतो, उजव्या पायाने जमिनीला दोन-तीन रेटे देतो आणि सायकल चालू लागली की मागून टांग टाकून सीटवर बसतो. साध्या सायकलवर ही हातखंडा रीत आहे. ई-सायकलवर मात्र डाव्या पेडलवर सगळा भार पडून ते थोडे जरी फिरले, तरी स्वाराने जोर लावला असे पेडलची हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरला वाटते आणि एक पाय हवेत असतानाच मोटार सायकल पुढे खेचते. तरुण माणूस हा हिसका सावरून घेतो. सत्तरीतल्या माणसाचा तोल त्याच क्षणी जातो, आणि वीस-पंचवीस किलोंची सायकल अंगावर येते ती वेगळीच.

यावर उपाय तीन पायऱ्यांचा आहे. पहिला म्हणजे मधली दांडी नसलेली किंवा अगदी खाली असलेली फ्रेम घ्यावी. ती बायकांची सायकल असते हा समज सोडून द्यावा, कारण मांडीचे सांधे आखडलेल्या पुरुषालाही टांग न टाकता तिच्यात शिरता येते. दुसरा म्हणजे दोन्ही ब्रेक दाबून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, सायकल दोन पायांमध्ये घेऊन उभे राहावे, मदत सर्वांत खालच्या पातळीवर आणावी, एक पेडल किंचित वर-पुढे आणावे आणि मगच ब्रेक सोडून निघावे. तिसरा उपाय सीटच्या उंचीचा. पुस्तकी मापाने बसवलेल्या सीटवरून जमिनीला जेमतेम चवडे टेकतात. ज्यांचा तोल डळमळीत आहे त्यांनी सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्यावी. त्याने गुडघा जास्त वाकतो आणि पुढे तो दुखू शकतो, हे खरे आहे. म्हणून लांबच्या फेरीपूर्वी सीट पुन्हा वर घ्यावी, किंवा बटणाने खाली-वर होणारा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बसवून घ्यावा.

सायकल निवडताना सेन्सरचा प्रकार विचारलाच पाहिजे. केडन्स सेन्सर फक्त पेडल फिरते आहे की नाही एवढेच पाहतो. त्यामुळे मोटार उशिरा सुरू होते, एकदम जोर लावते आणि पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. टॉर्क सेन्सर पायाचा जोर मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो. ज्येष्ठांसाठी दुसरा प्रकारच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, मग त्यासाठी इतर सोयींवर पाणी सोडावे लागले तरी चालेल. पुढच्या चाकात मोटार असलेली सायकलही टाळावी, कारण ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर वळताना पुढचे चाक फिरून घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही.

जुन्या अंदाजाने ब्रेक दाबणे

युरोपीय संघात परवाना न लागणाऱ्या ई-सायकलची मोटार ताशी 25 किलोमीटरला मदत बंद करते. अमेरिकेतील काही प्रकारांत ही मर्यादा 32, तर काहींत 45 किलोमीटरपर्यंत आहे. पूर्वी ताशी 15 किलोमीटरने फिरणारा माणूस आता न दमता 25 ने जातो, पण वाहतुकीचा त्याचा अंदाज जुन्याच वेगाचा राहतो. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर 15 च्या वेगाला तेवढ्यात चार मीटर आणि 25 च्या वेगाला सात मीटर अंतर कापले जाते. त्यानंतर ब्रेक लागून थांबायला 25 च्या वेगाला 15 च्या पावणेतीनपट अंतर लागते. नेदरलँड्समध्ये 2017 साली रस्ते अपघातांत 206 सायकलस्वार मृत्युमुखी पडले आणि ही संख्या प्रथमच कारमधील मृतांच्या संख्येहून, म्हणजे 201 हून, जास्त झाली. ई-सायकलवरील मृतांत ज्येष्ठांचे प्रमाण मोठे होते. तिथे ई-सायकल जास्तकरून ज्येष्ठच चालवतात आणि त्यांची हाडेही लवकर मोडतात, त्यामुळे सगळे खापर मोटारीवर फोडणे बरोबर नाही. तरीही वेगाचा भाग आपल्या हातात असतो. अनेक ई-सायकलींत मदतीची कमाल मर्यादा आणखी खाली आणता येते. ती दुकानातूनच 18 किंवा 20 वर करून घ्यावी. मान पुरती वळत नसेल तर हँडलला आरसा लावावा, आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारे आणि हलक्या दाबालाही जोरात लागणारे ब्रेक, असतील तर गर्दीत जाण्यापूर्वी मोकळ्या जागी त्यांचा अंदाज घ्यावा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला मार लागल्यास बाहेर काही दिसत नसले तरी लगेच डॉक्टरांकडे जावे.

परतीची बॅटरी न राखणे

जाहिरातीतला पल्ल्याचा आकडा हलक्या स्वाराचा, सपाट रस्त्याचा आणि बहुधा पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा असतो. बॅटरीतली वीज वॅट-तासांत मोजतात. वापरानुसार दर किलोमीटरला साधारण 7 ते 15 वॅट-तास खर्च होतात, म्हणजे 500 वॅट-तासांच्या बॅटरीत सुमारे 35 ते 70 किलोमीटर जाता येते, आणि बॅटरी जुनी होत गेली की त्याहूनही कमी. जाताना बॅटरी निम्म्याहून कमी झाली की परत फिरावे. शक्य असेल तेव्हा चढ आणि समोरचा वारा जातानाच पदरात पाडून घ्यावा. मोटार बंद पडलेली पंचवीस किलोंची सायकल चढावर हाकणे हे दमलेल्या हृदयाला सर्वांत महागात पडणारे काम आहे. त्यापेक्षा उतरून चालावे. बॅटरी शिल्लक असून फक्त दम संपला असेल, तर बऱ्याच सायकलींत माणसाच्या चालीने, ताशी सहा किलोमीटरपर्यंत सायकल पुढे नेणारी सोय असते, तिचे बटण कुठे आहे ते आधीच पाहून ठेवावे. शून्य अंशाखाली थंडावलेली बॅटरी चार्ज करू नये, दुसऱ्या सायकलचा चार्जर लावू नये, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि महिनोन्महिने सायकल उभी राहणार असेल तर बॅटरी साधारण निम्मी भरून ठेवावी.

मदत मिळेनाशी झाली तर

मोटार अचानक गप्प झाली की बहुतेक जण थेट दुरुस्तीवाल्याकडे धाव घेतात. त्याआधी काही गोष्टी घरीच पाहाव्यात. बॅटरी खाचेत ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसली आहे का, ब्रेकचा लिव्हर किंचित दाबलेला अडकून मोटारीची वीज तोडत नाही ना, आणि मागच्या चाकाच्या आरीवरचा छोटा चुंबक सेन्सरसमोरून सरकला नाही ना, हे तपासावे. टॉर्क सेन्सरच्या काही सायकलींत चालू करताना पेडलवर पाय ठेवलेला असेल तर सेन्सर तो भार शून्य धरतो आणि नंतर मदत तुटपुंजी मिळते. अशा वेळी सायकल बंद करून, पाय जमिनीवर ठेवून, पुन्हा चालू करावी.

तोलच राहिला नसेल तर

आधाराशिवाय एका पायावर दहा सेकंदही उभे राहता येत नसेल, किंवा आडवी पडलेली सायकल एकट्याने उभी करता येत नसेल, तर दुचाकी ई-सायकल घेण्याचा विचार बाजूला ठेवावा, पायांत कितीही जोर असला तरी. अशांसाठी तीनचाकी ई-सायकल असते. मात्र ती दुचाकीची सुरक्षित आवृत्ती आहे असे समजून चालवणे ही आणखी एक चूक आहे. दुचाकी वळताना आतल्या बाजूला झुकते, साधी तीनचाकी झुकत नाही, त्यामुळे वेगात वळण घेतले की आतले चाक उचलले जाते आणि ती बाहेरच्या बाजूला कलंडते. आयुष्यभर दुचाकी चालवलेल्याला ती पहिल्या दिवशी कडेला ओढल्यासारखी वाटते, कारण तो हँडल फिरवण्याऐवजी अंग झुकवतो. म्हणून पहिले काही दिवस मोटार बंद ठेवून रिकाम्या मैदानावर फक्त वळणे घ्यावीत आणि दोन्ही बाजूंना सारख्याच सहजतेने वळता येऊ लागल्यावर सर्वांत खालची मदत सुरू करावी.